स्वस्तातल्या जुन्या बेस गिटारी: जपण्याजोग्या कोणत्या आणि नुसत्या जुन्या कोणत्या

प्रश्न असा आहे: साठच्या दशकातली जपानी बनावटीची, छोट्या स्केलची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी असलेली), गोल्ड फॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग, गोल्ड फॉइल हा त्याचा सोनेरी वर्खाचा प्रकार) एक बेस विकायला आली आहे. विकणारा तिला दुर्मिळ व्हिंटेज म्हणतो आणि चांगल्या नव्या बेसइतकी किंमत सांगतो. मुळात हे वाद्य नवशिक्यांसाठी बनलेलं, कॅटलॉगमधून विकलं गेलेलं. मग अशा वाद्यांना संग्राह्य म्हणायचं का?

बहुतेकांना नाही. काही मोजक्यांना मात्र नक्की म्हणावं, आणि त्यातल्या एक-दोन तर आजही त्यांच्या लायकीपेक्षा कमी भावात जातात. वयावरून किंवा हेडस्टॉकवरच्या, म्हणजे तारा पिळायच्या टोकावरच्या, नावावरून काही ठरवू नका. त्या वाद्यात असं एखादं अंग आहे का, जे दुसऱ्या कुणी तसं बनवलं नाही, ते मूळचं आहे का, आणि ते आज चालतं का, एवढं पाहा. या तिन्हींचं उत्तर होकारार्थी आलं, तरच पैसे मोजण्यात अर्थ आहे.

आधी 'दुर्मिळ' या शब्दाचा निकाल लावू. टाइस्को ही कंपनी १९४६ साली टोकियोत सुरू झाली आणि १९६७ साली कावाईकडे गेली. साठच्या दशकात अमेरिकेत गिटारींना एवढी मागणी होती की जपानी कारखाने आयातदार सांगेल ते नाव हेडस्टॉकवर लावून माल पाठवत. त्यामुळे एकच बेस चार-पाच नावांनी सापडते. अमेरिकेतही तेच. सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधलं 'सिल्व्हरटोन' हे फक्त लेबल होतं, वाद्यं डॅनइलेक्ट्रो, हार्मनी, के अशा वेगवेगळ्या कारखान्यांतून येत. तेव्हा 'या नावाची बेस फार कमी दिसते' हे खरं असलं, तरी त्याच साच्यातली, त्याच पिकअपची बेस दुसऱ्या नावाने ढिगाने मिळू शकते. नावाऐवजी पिकअप, ब्रिज (शरीरावर तारा टेकतात तो भाग), ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) आणि नेक-प्लेट (नेक शरीराला जोडणारी मागची पट्टी) यांचे फोटो जुळवून पाहा.

'कंपनी बंद पडली म्हणून दुर्मिळ' हेही टिकत नाही. के १९६८च्या सुमारास बुडाली, डॅनइलेक्ट्रोचा कारखाना १९६९ साली बंद झाला, हार्मनीने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गाशा गुंडाळला. पण तोवर यांनी प्रचंड माल बाजारात ओतला होता.

कोऱ्या करकरीत अवस्थेतली बेस दिसली की लोक हरखून जातात. तिथे उलट जास्त सावध व्हा. या वर्गातली वाद्यं कोरी राहिली, कारण बऱ्याचदा ती वाजवण्याजोगी नव्हती. तारा फ्रेटबोर्डपासून पाच मिलीमीटर वर, आणि वाजवणारा एखादं पोर. आठवड्याभरात वाद्य पेटीत जाणारच. पहिल्या पाच फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर), विशेषतः ई आणि ए तारांखाली, झीज दिसली तर ती चांगली खूण समजा. कुणीतरी ती बेस मनापासून वाजवली आहे, म्हणजे ती वाजत होती.

आता ज्यांना मान द्यावा त्यांच्याबद्दल.

माझ्या मते पहिला मान डॅनइलेक्ट्रोचा. नेथन डॅनियल यांनी न्यू जर्सीत बनवलेल्या या बेस म्हणजे काटकसरीतून निघालेली खरीखुरी नवी रचना आहे. लाकडाची चौकट, तिच्यावर पुढून-मागून मॅसोनाइट म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचा पातळ पत्रा, कडेने व्हायनलची पट्टी. पिकअपची कॉइल आणि चुंबक लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवलेले. अ‍ॅल्युमिनियमचा नट, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती खाचांची पट्टी. नेकमध्ये दोन पोलादी पट्ट्या. दोन पिकअपवाल्या मॉडेलमध्ये दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडलेले, त्यामुळे स्विचच्या मधल्या स्थितीत आवाज पातळ होण्याऐवजी भरतो. वजन अगदी हलकं. या सगळ्याचा एकत्र परिणाम असा, की स्वर उठताना ठसठशीत, खर्जाचा मूळ स्वर थोडा मागे आणि आस लवकर विरणारी. १९५६ साली आलेली त्यांची सहा तारांची बेस नॅशव्हिलच्या स्टुडिओंत उभ्या बेसच्या जोडीने वाजवली जाई. तळव्याने दाबलेल्या तारांचा तो 'टिक-टॅक' आवाज या रचनेनेच दिला. पन्नाशीच्या शेवटी चार तारांची शॉर्टहॉर्न आणि लाँगहॉर्न आली. द हू बँडचे जॉन एंटविसल यांनी साठच्या दशकाच्या मध्यात लाँगहॉर्न घेतली ती तिच्या बारीक, खणखणीत तारांसाठी. सुट्या तारा मिळत नसल्याने तार तुटली की दुसरी बेसच विकत घ्यावी लागे. हे वाद्य स्वस्त होतं, पण त्याचा आवाज दुसऱ्या कशाची नक्कल नव्हता. त्याला संग्राह्य म्हणायला माझी जराही हरकत नाही.

दुसरी हार्मनीची एच-२२. पोकळ, पातळ शरीर, एकच पिकअप. पण तो पिकअप ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या रोव इंडस्ट्रीजचा डिआर्मंड गोल्ड फॉइल. पातळ बांध्याच्या मानाने त्याचा आवाज गोल आणि भारदस्त निघतो. स्मॉल फेसेस या ब्रिटिश बँडचे रॉनी लेन यांच्या हातात हीच बेस दिसायची. इथे किंमत बऱ्याच अंशी त्या पिकअपची आहे, आणि धोकाही तिथेच आहे. गिटारवादक राय कूडर यांनी टाइस्कोचा गोल्ड फॉइल पिकअप आपल्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीमध्ये बसवल्यावर अशा पिकअपांना मागणी आली आणि लोकांनी जुन्या स्वस्त वाद्यांतून ते उचकटून काढायला सुरुवात केली. पिकअप गेलेली, त्याजागी दुसरा काहीतरी बसवलेली बेस पुन्हा 'व्हिंटेज' म्हणून विकायला येते. पिकअपच्या कडेने न जुळणारी फट, जुने बुजवलेले स्क्रूचे भोक, आत कापडी किंवा जुन्या वायरला जोडलेली चकचकीत प्लास्टिक वायर, ताज्या सोल्डरची चमक, या खुणा शोधा. टाइस्कोचे आणि डिआर्मंडचे गोल्ड फॉइल हे वेगळे पिकअप आहेत, हेही लक्षात ठेवा. आतली रचना वेगळी, आवाज वेगळा. जाहिरातीत दोन्हींना एकच नाव देऊन एकाचा भाव दुसऱ्याला लावतात.

तिसरं नाव बऱ्याच जणांना पटणार नाही: पीव्ही या अमेरिकन कंपनीची टी-४०. १९७८ साली आली, मिसिसिपीतल्या मेरिडियनमध्ये बनली. शरीर आणि नेक संगणक-नियंत्रित यंत्रावर मोठ्या प्रमाणावर कापल्या गेलेल्या पहिल्या वाद्यांत ती मोडते. त्यामुळे नेकचा जोड इतका घट्ट बसतो, की त्या काळच्या कितीतरी महाग बेसमध्ये तसा सापडत नाही. टोनचं बटण सातच्या पुढे नेलं की हंबकर (दोन कॉइलांचा पिकअप) हळूहळू सिंगल कॉइलकडे (एकाच कॉइलच्या आवाजाकडे) सरकतो. ही युक्ती आजही फार थोड्या बेसमध्ये आहे. वजन मात्र साडेचार किलोच्या पुढे, बऱ्याचदा पाचच्या जवळ. बरेच जण खांदा दुखतो म्हणून विकतात आणि भाव पडलेला राहतो. जपण्याजोगी आणि रोज वाजवण्याजोगी, असं एकच वाद्य या यादीतून निवडायचं झालं तर मी हे निवडेन.

सत्तरच्या दशकातल्या जपानी नकलांबाबत बरीच गफलत चालते. 'लॉसूट' (खटला) हा शिक्का पाहून जास्त पैसे देऊ नका. अमेरिकन गिटार कंपनी गिब्सनच्या मालक नॉर्लिन कंपनीने १९७७ साली आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरक एल्जर कंपनीवर दावा केला होता. तो हेडस्टॉकच्या आकाराबद्दल होता आणि कोर्टाबाहेर मिटला. वाद्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही, आणि इतर डझनभर ब्रँडांशी तर मुळीच नाही. त्या काळच्या नकलांत प्लायवूडचं शरीर आणि सुमार पिकअपवाली वाद्यं भरपूर आहेत. पण त्याच देशात मात्सुमोतोच्या फुजिजेन आणि मात्सुमोकू कारखान्यांनी, हामामात्सूच्या टोकाई आणि यामाहाने सत्तरीच्या उत्तरार्धापासून जे बनवलं, ते मूळ अमेरिकन वाद्यांच्या तोडीचं होतं. १९८२च्या जेव्ही मालिकेतल्या स्क्वायर (फेंडरचा स्वस्त ब्रँड), ग्रेको, एरिया प्रो टूची एसबी मालिका, यामाहाची बीबी मालिका ही त्यातली ठळक नावं. शिलाई मशीनच्या पेट्या बनवण्यापासून सुरुवात केलेला मात्सुमोकू कारखाना १९८७ साली बंद पडला. त्यांच्या वेस्टोन बेस अजूनही वाजवणाऱ्याच्या भावात मिळतात. ओळखायला सोपा मार्ग: कंट्रोल कप्प्याचं झाकण काढा आणि कापलेली कड पाहा. थर दिसले तर प्लायवूड. प्लायवूड म्हणजे वाईट आवाज असं नाही, पण संग्राह्य किंमत मागणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

फेंडरच्या विद्यार्थी मॉडेलांत मस्टँग बेसला मान आहे. १९६६ साली आलेली ही लिओ फेंडर यांची त्या कंपनीसाठीची शेवटची बेस. म्युझिकमास्टर बेसचा भाव मात्र मुख्यतः हेडस्टॉकवरच्या नावाचा आहे. तिच्या कोऱ्या दिसणाऱ्या झाकणाखाली सहा पोलवाला (दर तारेखाली एक चुंबकी टोक असलेला), म्हणजे सहा तारांच्या गिटारीचा पिकअप आहे. चार तारा त्या पोलांवर नीट येत नाहीत. वाजते ठीक, पण त्या पैशांत अधिक चांगलं मिळतं.

हॉफनरची ५००/१ ही व्हायोलिनच्या आकाराची जर्मन बेस याच वर्गातून वर गेली. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये साधारण ३० पौंडांना ती घेतली होती. आजचा भाव त्यांच्या नावाने आणि तिच्या खरोखरच्या पोकळ, सुरेल बांध्याने मिळून बनला आहे. व्हायोलिनच्या आकाराच्या स्वस्त नकलांना यातलं काहीच लागू होत नाही. किंमत आकाराची नाही.

आता तपासणी. सुरुवात नेकपासून करा, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं किंवा बदलता येतं. वाकलेला नेक मात्र बहुतेक वेळा वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च मागतो.

या वर्गातल्या बऱ्याच बेसमध्ये पिळता येणारा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायचा आतला दांडा) नसतो. हेडस्टॉकवर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' असं लिहिलेलं असेल तर आत पोलादी पट्टी आहे एवढाच त्याचा अर्थ. ती पट्टी पिळता येत नाही. नेक गेल्या साठ वर्षांत जिकडे गेला, तिकडेच आहे. म्हणून बेस पूर्ण सुरात लावलेली असतानाच पाहायची. ई तार ४१.२ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.४, जी ९८. बरेच विक्रेते तारा सैल सोडून ठेवतात. 'जुन्या नेकची काळजी' असं कारण देतात, पण सैल तारांत बाक लपतो. फोटोवरून घेत असाल तर सुरात लावून काही तास ठेवायला सांगा आणि मग नटकडून ब्रिजकडे नेकच्या कडेने घेतलेला फोटो आणि १२व्या व शेवटच्या फ्रेटवर मोजपट्टी धरलेला फोटो मागवा. यालाच नकार देणाऱ्याकडून घेऊ नये.

बेस हातात असेल तर ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता ती तार सरळ पट्टीचं काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर गिटारीची ०.०१२ इंची पहिली तार साधारण ०.३ मि.मी. जाडीची असते, ती घालून पाहा. ०.३ ते ०.५ उत्तम. ०.७पर्यंत चालवून घेता येतं. १ मि.मी.च्या पुढे फट असेल आणि ट्रस रॉड नसेल तर किंमत कितीही कमी सांगोत, ते वाद्य फक्त सुट्या भागांच्या भावात घ्या. जी तारेवरही हेच करा. दोन्हींत मोठा फरक आला तर नेकला पीळ आहे. पिळाची खात्री करायला हेडस्टॉककडून एका डोळ्याने पाहा. नटची रेघ आणि शेवटच्या फ्रेटची रेघ समांतर दिसायला हवी.

ट्रस रॉडशिवाय बाक काढायचे तीन मार्ग आहेत. उष्णता देऊन क्लॅम्पने दाबणे: काम लवकर होतं, पण तारांच्या ताणाखाली नेक पुन्हा आपल्या जुन्या जागी येण्याची शक्यता मोठी. फ्रेट काढून बोर्ड रंधून सपाट करणे: टिकाऊ, पण बोर्ड पातळ होतो आणि नव्या फ्रेटचा खर्च येतो. तिसरा मार्ग जाणकार कारागीर वापरतात. खाचेपेक्षा किंचित जाड तंगाचे (खाचेत रुतणाऱ्या पात्याचे) फ्रेट ठोकायचे. प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा बसून बोर्डाला लांबीच्या दिशेने दाब देतो आणि नेक मागे झुकतो. हे नीट जमलं तर ट्रस रॉड नसलेला नेक पुढची कित्येक वर्षं सरळ राहतो. मात्र कोणत्या फ्रेटला किती जाड तंग घ्यायचा हे अनुभवाने ठरतं. घरी करायचं काम नाही.

नेक सरळ आहे पण तारा उंच आहेत, ही परिस्थिती फार वेळा भेटते आणि तिचा उपाय स्वस्त आहे. बोल्टने जोडलेला नेक असेल तर तारा सैल करून नेक काढा आणि नेक बसतो त्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला शिम (पातळ तुकडा) घाला. हिशोब असा: खाच साधारण ७५ मि.मी. लांब, शिम अर्धा मि.मी. जाड, स्केल ३० इंच. नेक एवढ्या कोनात मागे कलतो की ब्रिजपाशी सुमारे १.९ मि.मी. आणि १२व्या फ्रेटवर त्याच्या निम्मा, म्हणजे जवळजवळ १ मि.मी. फरक पडतो. म्हणून सुरुवात पाव मि.मी.ने करा. तात्पुरत्या चाचणीला जाड कागद चालतो. कायमचा शिम म्हणून पूर्ण खाचेएवढी, एका टोकाला निमुळती केलेली लाकडाची चकती घाला. लहान तुकडा घालून वर्षानुवर्षं ठेवला तर मधली पोकळी राहते आणि बोल्टच्या दाबाने नेकचं टोक वर वळू शकतं. मग शेवटचे चार-पाच फ्रेट खरखरतात आणि कारण सापडत नाही. डिंकाने चिकटवलेला नेक असेल आणि कोन गेला असेल, तर काम मोठं आहे.

१२व्या फ्रेटवर तारेची उंची ई साठी २.५ आणि जी साठी २ मि.मी.च्या आसपास आली की हात सुखावतो.

आता सूर. 'या बेस सुरात लागतच नाहीत' अशी ख्याती आहे. दोष सहसा फ्रेटच्या जागेचा नसतो, पण खात्री करून घ्या. नटपासून १२व्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. ३० इंची म्हणजे ७६२ मि.मी. स्केलला ते ३८१ यायला हवं. पाचवा फ्रेट १९१ वर, सातवा साधारण २५३.५ वर. अर्ध्या मि.मी.च्या आत सगळं जुळलं तर फ्रेट निर्दोष आहेत. मग दोष दोन ठिकाणी असतो. एक नट: खाचा उंच असतील तर पहिल्या तीन फ्रेटवर तार दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. कागदाच्या जाडीएवढीच असावी. ही दुरुस्ती ब्रिजला हात लावण्याआधी करायची.

दुसरं ठिकाण ब्रिज. स्वस्त बेसमध्ये चारही तारांना मिळून एकच आडवी पट्टी असते, डॅनइलेक्ट्रोत तर रोझवूडचा सरकता तुकडा. ३० इंची स्केलवर ब्रिज १ मि.मी. मागे नेला की १२व्या फ्रेटचा स्वर मोकळ्या तारेच्या मानाने सुमारे २.३ सेंट उतरतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ई तारेला जीपेक्षा काही मिलीमीटर जास्त लांबी लागते. म्हणून पट्टी तिरकी बसवा: ई आणि जी बरोबर आणा, ए आणि डी मध्ये जे पडेल ते स्वीकारा. त्या दोन तारांवर तीन-चार सेंटची चूक राहिली तरी बँडमध्ये कुणाच्या कानाला लागणार नाही. तिरकी करूनही दहा सेंटच्या वर चूक राहत असेल, तर आधी तारा बदला. जुन्या, मळलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि ती कुठल्याच ब्रिजवर सुरात लागत नाही.

पिकअप तपासायला बेस उघडायची गरज नाही. कॉर्ड लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मल्टीमीटरने प्लगचं टोक आणि दांडा यांच्यातला रोध मोजा. या वर्गातले बहुतेक सिंगल कॉइल ३ ते १० किलोओम दाखवतात. गिब्सन ईबी-०चा मोठा पिकअप ३० किलोओमच्या जवळ जातो, तो त्याचा स्वभावच आहे. आकडा २५० किंवा ५०० किलोओमच्या आसपास आला तर 'जबरदस्त आउटपुटचा पिकअप' असं कुणी म्हणेल, पण मीटर फक्त व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या बटणाखालचा बदलता रोधक) मोजतोय. कॉइल तुटलेली आहे. तार बहुतेक वेळा कॉइलच्या सुरुवातीला किंवा शेवटी, बाहेरच्या वायरला जोडलेल्या ठिकाणी तुटते. शेवटचं, बाहेरचं टोक तुटलं असेल तर एक वेढा उलगडून पुन्हा सोल्डर करता येतं. आतलं टोक तुटलं तर रिवाइंड, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळणं. रिवाइंड केलेला पिकअप छान वाजू शकतो, पण मूळ पिकअपसाठी मागितलेली जास्तीची किंमत त्याला लागू नाही.

पिकअप जिवंत असेल तर अँप जरा मोठा करून पिकअपजवळ बोला. आवाज स्पीकरमधून ऐकू आला तर तो मायक्रोफोनिक आहे, मोठ्या आवाजात शिट्टी मारेल. नेहमीचा उपाय मेणात बुडवण्याचा: चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण, पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं, ६० ते ६५ अंश सेल्सिअस, थेट ज्योतीवर कधीच नाही. पण जुन्या गोल्ड फॉइलवर हे करण्याआधी शंभरदा विचार करा. काहींचे बॉबिन मऊ प्लास्टिकचे असतात आणि त्या तापमानाला वाकतात. शिवाय त्यांच्या आवाजातला मोकळेपणा काही अंशी याच सैलपणातून येतो. घरात वाजवायची असेल तर आहे तसाच राहू द्या.

अमेरिकन वाद्याचं वय पॉटवरून ठरवता येतं. मागच्या बाजूला छापलेल्या आकड्याचे पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढे वर्ष आणि आठवडा. १३७६६३२ म्हणजे १९६६ सालचा ३२वा आठवडा. वर्षाचा एकच अंक असेल तर दशक इतर गोष्टींवरून ठरवावं लागतं. पॉटची तारीख म्हणजे वाद्याची सर्वांत जुनी शक्य तारीख, कारण पॉट कारखान्यात महिनोन्महिने पडून राहत. वाद्य १९६२चं सांगत असतील आणि पॉट १९६७चा निघाला, तर बोलणं तिथेच थांबवा. टाइस्कोसारख्या जपानी वाद्यांत हे आकडे मिळत नाहीत. तिथे वर्षाबद्दल कुणी फार ठाम बोललं तर पुरावा विचारा.

खरखरणारा पॉट बदलण्याआधी इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून तीस-चाळीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा भागतं. घरगुती तेलाचा स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ चिकटते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत नसेल तर ब्रिजची किंवा टेलपीसची (तारांची टोकं अडकतात त्या भागाची) अर्थिंगची वायर तुटली आहे. धातूचा ब्रिज आणि जॅकची बाहेरची बाजू यांच्यात एक-दोन ओमपेक्षा जास्त रोध नको.

काय बदलावं आणि काय नाही, यावर माझं मत ठाम आहे. फ्रेट, नट, तारा, तुटलेली वायर हे बिनदिक्कत करा, ती झिजणारी अंगं आहेत. ट्यूनर अडकत असतील तर त्याच भोकांत बसणारे शोधा. नवी भोकं पाडू नका. शरीर कितीही ओरखडलेलं असो, पुन्हा रंगवू नका. रंगवलेल्या स्वस्त बेसला संग्राहक हात लावत नाही आणि वाजवणाऱ्याला त्याचा काही फायदा नाही. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजलेला स्क्रूसुद्धा, पिशवीत घालून वाद्यासोबत ठेवा.

फक्त आवाज हवा असेल, इतिहास नको असेल, तर जुनी बेस घ्यायचं कारण उरत नाही. नवी चांगली ३० इंची बेस, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा पातळ तुकडा, एवढ्यात तो ठसठशीत, लवकर विरणारा स्वर जवळजवळ तसाच मिळतो. त्यातला मोठा वाटा स्केलचा आणि तारांचा आहे. एकाच जाडीची तार त्याच स्वराला ३४ इंची स्केलऐवजी ३० इंचीवर लावली तर ताण सुमारे २२ टक्के कमी होतो, म्हणून ती बोटाखाली मऊ लागते आणि स्वर जाड येतो.

जुनी घेतलीच, तर तारा निवडताना हाच हिशोब नेकच्या बाजूने वापरा. ०.०४०–०.०९५ इंचाच्या आसपासचा हलका संच किंवा नायलॉन टेपवाउंड (नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावा. काही फ्लॅटवाउंड संच त्याच जाडीत बरेच ताठ असतात, म्हणून पाकिटावर दिलेला ताण वाचून घ्या. तारा शॉर्ट स्केलच्याच हव्यात. लांब स्केलची जाड तार कापून छोट्या बेसवर लावली की तिचा पूर्ण जाडीचा भाग ट्यूनरच्या खांबाभोवती वळतो, गाभ्यावरचं वेष्टण सैल होतं आणि ई तार पहिल्याच दिवशी भद्द वाजायला लागते. लोक मग पिकअपला दोष देतात.

आणि पेटीबद्दल: पिकगार्ड (तारांखाली शरीरावर बसवलेलं पातळ संरक्षक पान) सेल्युलॉइडचा असेल, जसे जुन्या युरोपीय बेसचे बरेचदा असतात, तर बंद पेटीत वर्षभर कोंडून ठेवू नका. सेल्युलॉइड कुजताना आम्लधर्मी वायू सोडतं. आधी त्याच्या जवळचे स्क्रू आणि पिकअपची झाकणं हिरवी पडतात, मग पिकगार्डच्या कडा वळून भेगा जातात. असा पिकगार्ड दिसला तर तो काढून वेगळा, हवेशीर ठेवा, कागदावर त्याचा आकार काढून घ्या आणि वाद्यावर नव्या प्लास्टिकचा बसवा.